बरोबर उत्तराची खडीसाखर

माझ्या लेकीला माणसांची तोंडं वाचता येत नाहीत. चोविशीची झाली, भाकरी फक्कड थापते, मशीनवर ब्लाऊज शिवते. पण समोरचा चिडलाय का हसतोय, ते तिला कळतच नाही. लहानपणी तिच्या शाळेतल्या बाईंनी चेहऱ्यांची कार्डं दिली होती : आनंद, राग, भीती, किळस. ती माळ्यावर धूळ खात पडली होती. हुपरीचे पावणे तिला बघायला येणार म्हटल्यावर मी ती खाली काढली.

तिच्यातली उणीव त्यांना सांगायचीच नव्हती. लग्नानंतर कळली तर त्यांचं ते निस्तरतील. लाज वाटायची मला तिची, खोटं कशाला बोलू?

महिनाभर तिला नुसतं पिदडलं. कार्डं पाठ झाली तसा माझाच चेहरा पुढं केला. "आधी डोळं बघ. आता तोंड. मोठ्यानं सांग!" बरोबर आलं की हातावर खडीसाखर, चुकलं की दंडाला चिमटा. दंड काळेनिळे झाले. "अगं बये, म्हशीला एव्हाना कळलं असतं की!" मी ओरडायचे.

पावणे आले. पोह्यांच्या बशा पावण्यांच्या हातात दिल्या आणि लेक मुलाच्या आईकडं टक लावून बघतच बसली. बाई बावरल्या.

"भीती," लेक मोठ्यानं म्हणाली.

मुलाचा मामा तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. "आनंद," ती म्हणाली. मामा टवाळी करत होता. ते काही कार्डांत नव्हतं. मोठ्यानं सांगायला मीच शिकवलं होतं. मनात ठेवायचं शिकवायला विसरले होते.

मुलाच्या आईला आता सगळं उमगलं. बशी खाली ठेवून ती म्हणाली, "बरं पोरी, आता तुझ्या आईचं सांग की."

लेक माझ्याकडं वळली. आधी डोळे बघितले, मग तोंड.

"किळस," ती म्हणाली. "रोज हीच असती."

उत्तर बरोबर होतं. तिनं खडीसाखरेसाठी हात पुढं केला. सगळ्यांदेखत मी त्या हातावर फाडकन मारलं.

तिनं परत माझे डोळे बघितले. मग तोंड.

"राग," म्हणाली, आणि हात तसाच पुढं ठेवला.