शनवारबाईचा माठ

दर म्हैन्याले माह्या दारात येऊन माही माफी मागणारी बाई होती, असा मान आमच्या राळेगाव तालुक्यात कोण्या पुढाऱ्यालेही भेटला नसन. पण माफी मागून ती निंगून जाये, तवा येतानीपेक्षा दोन शिव्या मले जास्तच बसेल राहेत.

नाव तिचं मार्थाबाई. गाव म्हणे शनवारबाई. आमची ख्रिस्ती घरं गावाच्या कडेले, हाताच्या बोटावर मोजाची. टिनाचं छपराचं लहानसं चर्च. म्हैन्याच्या पयल्या आइतवारी तिथं प्रभुभोजन राहे, भाकरीचा तुकडा अन् द्राक्षाच्या रसाची येवढुशी पेली. मनात कोणाचं वाकडं ठेवून थे घ्याचं नाही, असं पाळकसाहेब सांगत. आमी सारे मान हालवून मोकळे. मार्थाबाईनं थे खरंच मनावर घेतलं, अन् तिथंच साऱ्या गावाची पंचाईत झाली.

कारण बाई होती महाभांडखोर. हापशीवर भांडे, बकरीवरून भांडे, किराणावाल्या चाचाच्या तराजूसंगं भांडे. मंग प्रभुभोजनाच्या आदल्या शनवारी डोक्यावर पदर घेऊन फेरीले निंघे. ज्याच्यासंगं भांडली त्याचं दार वाजवे. चाचा तं लांबूनच हात जोडे, "माफ किया बाई, सब माफ, तराजू मत देखो आज!"

माह्या दारात तिची फेरी हमखास. मी शायेत गेलो नाही, चर्चात गाण्याचं पुस्तक उलटं धरतो, अन् तोंड मात्र सुलटं चालते. तिले टोचल्याबिगर मले भाकर गोड लागे नाही. ती येये अन् म्हणे, "दान्या, चुकली मी. माफ कर."

"बसा ना बाई, च्या घ्या."

"च्या राहू दे. तुह्यासाठी नाही आली, प्रभूसाठी आली. तू तं बैल हायेच."

तिचा मालक कवाच गेलता. शेजारी धाकटा दीर, सामू, अन् त्याची बायको रूथ. सामू दुसऱ्याच्या वावरात फवाऱ्याले जाये. त्या वर्सी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलती अन् बोंडात अळी. जो तो औषध मारून राह्यलता. पऱ्हाटी उंच, म्हणून फवारा वर धरा लागे, अन् हवा फिरली का सारं आपल्याच तोंडावर.

एका मंगळवारी दुपारी आमी मार्थाबाईच्या अंगणातल्या लिंबाखाली बसलो होतो. सामू वावरातून आला. पाठीवर पंप, सदरा ओलाचिंब. सरळ तिच्या माठात गिलास बुडवाले गेला. बाई घरातून वरडतच आली, "औषधाचे हात माह्या माठात घालून राह्यला काय? आताच घासला म्या! नीघ! नाही भेटत पाणी, जा!"

सामू हासला. "ठीक हाय वयनी. शनवारी येसान माफी मागाले, तवा पेईन."

आमी सारे हासलो. माहं हासणं सर्वात मोठं होतं, मले दुसरं काही येतच नाही. सामू तसाच घरी गेला. बाईचा राग तासाभरात उतरला, म्या तोंडावर पाह्यलं. पण तिचा कायदा ठरेल होता. शनवार जवळच होता, प्रभुभोजनाचाच शनवार. काहून घाई करन ती?

बुधवारी सामू परत फवाऱ्याले गेला. बिस्तरवारी वावरातच पडला. डोळ्यानं दिसे नाही, उलट्या, अंगाले घाम. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेला. शनवारी सकाळी गाडी आली थे त्याले आडवा घेऊन.

बाई आपल्या नेमानं निंघाली. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा गडू. सामूच्या दारात उभी राह्यली अन् गडू कोणाले द्यावा थे तिले समजे ना. रूथनं वर पाह्यलं.

"आता कायले आणलं, बाई?"

दुसऱ्या रोजी चर्चात पेल्याचं ताट फिरलं. बाईजवळ आलं. तिनं हात नाही लावला, पुढं सरकवलं. पुढच्या म्हैन्यात तसंच. त्याच्या पुढंही. पाळकसाहेबानं लय समजावलं, "बाई, औषधानं गेला तो. अन् देवानं तुमाले केव्हाच माफ केलं."

ती म्हणे, "देवानं केलं असन. रूथचं बाकी हाय ना साहेब. त्याले म्या पाणी देल्लं नाही, मी कोण्या तोंडानं पेली घेऊ?"

तवापासून बाईनं कायदा बदलला. शनवारची वाट पाहणं बंद. सकाळी भांडली तं चूल पेटवाच्या आधी दारात हजर. एकदा तं पिठाच्या हातानंच आली, "दान्या, चुकली मी." म्या म्हटलं, "बाई, भाकर जळन." म्हणे, "जळू दे. तू रातीतून मेला तं?"

अन् वावराच्या रस्त्याले लागून, अंगणातल्या त्याच लिंबाखाली तिनं नवा माठ मांडला. बाजूले बादली, साबण, पाणी काढाले लांब दांड्याचं ओगराळं. फवारेवाला दिसला का आडवी जाये. "हात धू! कोपरापर्यंत! तोंड धू! मंग पे, पोटभर पे." माणसं कटाळत, पण धूत. तोंडाले बांधाले फडकं न देणाऱ्या वावराच्या मालकाइसंगंही भांडे. थ्या भांडणाची माफी मात्र तिनं कवा मागतली नाही.

शनवार तिनं एकाच दारासाठी ठेवला होता. रूथच्या अंगणात जाऊन उभी राहे. कधी जळतनाले पऱ्हाट्याचा भारा नेये. रूथ तिच्या आजूबाजूनं झाडून घेये. थोड्या वेळानं बाई वापस येये. असे कितीक वर्स गेले.

मंग बाईनं अंथरूण धरलं. कापूस वेचाचे दिवस होते. पाळकसाहेब दुपारी प्रभुभोजन घेऊन तिच्या घरी आले. मले म्हणाले, गाणं म्हणा. म्या म्हटलं, पण असं म्हटलं का साहेबानं दुसऱ्या कडव्याले हात वर केला. पेली पुढं केली तं बाईनं भितीकडं तोंड फिरवलं.

तेवढ्यात अंगणात बादली वाजली. रूथ वावरातून आलती. कमरेच्या वटीत कापूस तसाच. तिनं त्या बादलीत हात धुतले, कोपरापर्यंत, अन् आत येऊन साहेबाच्या हातातून पेली घेतली.

"घे वो बाई. तो काही तहानेनं नाही मेला."

बाईनं तोंड इकडं केलं. "तुवा माफ केलं काय मले?"

रूथनं पेली तिच्या ओठाले लावली. म्हणे, "पुरं नाही झालं अजून. पण तू पे."

बाई पेली. गळ्याखाली उतरेपर्यंत रूथनं तिची मान धरून ठेवली. साहेब भितीकडं पाहून राह्यले होते.

त्याच हप्त्यात बाई गेली. खड्डा खंदाले मी होतो. माती लोटून वापस आलो तं लिंबाखाली रूथ माठात पाणी भरून राह्यलती. मले रडू येऊन राह्यलं होतं, अन् रडू आलं का मी फुशारकी मारतो. म्या ओगराळ्याकडं हात नेला अन् म्हटलं, "काही म्हण रूथ, साऱ्या गावात तिनं सर्वात जास्त माफी माहीच मागतली."

रूथनं ओगराळं मांगं ओढलं.

"तिनं मागतली. तुवा तिची एकदा तरी मागतली काय? हात धू आधी."