आमचे साडू आणि त्यांचा न उठणारा लॅपटॉप

आमच्या साडूंइतका संशयी माणूस सिंधुदुर्ग जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर साडूंनी त्याच्यावर नक्की पाळत ठेवली असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईचे, हे यजमान. सगळी नोकरी सरकारी बिनतारी खात्यात काढली, कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे निरोप ऐकले आणि निवृत्त होऊन वालावलला परतताना एवढंच शहाणपण सोबत आणलं, की बोललेला प्रत्येक शब्द कोणीतरी ऐकत असतं. त्यांच्या विहिरीच्या कळशीला साखळी होती आणि साखळीला कुलूप होतं. पाहुणा आला की फाटकातूनच त्याला दोन-तीन कौटुंबिक प्रश्न विचारले जात. मला एकदा त्यांनी माझ्याच लग्नातल्या आचाऱ्याचं गाव विचारलं होतं. मला आठवेना. चहा फाटकाबाहेर मिळाला.

मासळी घेणं हा तर गुप्त कारवाईचाच भाग. मालवणच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यांना सुरमई हवी होती, म्हणून ते बांगड्यांसमोर जाऊन उभे राहिले, बांगड्यांचे कल्ले उघडून पाहिले, तोंड वाकडं केलं, मग पापलेटाची चौकशी केली आणि सुरमईकडे पाठ करून मला हळूच म्हणाले, "मास्तर, काय व्हया ता तोंडातसून काढलास की संपलास." मी कणकवलीला कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून मी मास्तर. तेवढ्यात पाठीमागून मासेवालीचा आवाज आला, "अण्णांनू, तुमची सुरमय कापून ठेवलंय. नाटक संपला की घेवन जावा!" तरी परतीच्या वाटेवर साडू म्हणाले, "बघितलात? हिका कोणीतरी फितूर झालो."

अशा माणसाच्या हाती लॅपटॉप आला. साल दोन हजार आठ-नऊ असेल. त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला आणि जाताना आपला जुना लॅपटॉप वडिलांना देऊन गेला, ईमेलने येणारी पत्रं वाचायला. साडूंनी पहिल्याच आठवड्यात त्याच्यातलं विकतचं विंडोज पुसून टाकलं. "विकतच्या कुलपाची दुसरी किल्ली दुकानदाराकडे आसता," हे कारण. मग कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी लिनक्स चढवलं. लिनक्स फुकट मिळतं, आणि त्याची आतली घडण कोणालाही उघडून तपासता येते, म्हणून त्यावर त्यांचा विश्वास बसला. पण त्यातही साधं चालेना. त्यांनी शोधून शोधून सगळ्यात कडक बंदोबस्ताचं लिनक्स निवडलं, आणि त्यावर आपल्या हाताने आणखी बंदोबस्त चढवला. सुरू करताना ते भलामोठा पासवर्ड मागे, मग स्वतःची झडती घेई, आणि साडूंना ओळख दाखवीपर्यंत ताईचा भात शिजून होई.

आता अडचण अशी, की घरात मोबाइलची रेंज नव्हती. फोनच्या तारेवरून नेट घ्यायला साडू तयार नव्हते. त्या तारेला कोण कोण कान लावतं हे आपण सांगू शकत नाही असं ते अशा सुरात म्हणत, की सांगू शकतात पण सांगणार नाहीत. रेंज मिळे ती गावामागच्या सड्यावर, वर उघड्या कातळावर. म्हणून रोज संध्याकाळी साडू लॅपटॉप आणि नेटचं डोंगल घेऊन सडा चढत, आणि ताई मागून छत्री घेऊन. छत्री पडद्यावर धरायची, कारण उन्हात अक्षर दिसत नसे. बॅटरी जुनी, जेमतेम जीव धरणारी. वर जाऊन लॅपटॉप पहिल्यापासून सुरू करायचा तर सगळी बॅटरी त्या झडतीतच खलास. उपाय सोपा होता: घरी वीज असताना लॅपटॉप सुरू करायचा, झाकण मिटून त्याला झोपवायचं आणि वर जाऊन झाकण उघडायचं.

साडूंचा लॅपटॉप झोपायचा उत्तम. उठायचा नाही. झाकण उघडलं की आत पंखा घरघरे, दिवा लागे, आणि पडदा काळाठिक्कर. ताई म्हणाली, "मालकावर गेलो हा. चाय नाकाकडे धरून बगा."

साडूंनी मदतीसाठी मला फोन केला. घरचा फोन सुरक्षित नाही, म्हणून कुडाळच्या एसटी स्टँडवरच्या बूथमधून, जिथे मागे रांग उभी होती. शिवाय सांकेतिक भाषेत. "मास्तर, पेशंट निजलो तो उठणा नाय. श्वास चलता, पण डोळ्यांत काळोख. तुमी येवा." रांगेत त्यांच्याच वाडीतली एक बाई होती. मी वालावलला पोहोचलो तेव्हा अंगणात शहाळी, ग्लुकोजचे पुडे आणि निम्मी वाडी जमली होती. ताई मागीलदारी भात वाळत घालत होती. तिला धडधाकट पाहून एकीने रडं आवरलं आणि विचारलं, "मगे पेशंट खंय आसा?" ताईला नवऱ्याची सांकेतिक भाषा पाठ. तिने सरळ सांगितलं, "थंय खुर्चीर." खुर्चीत साडू लॅपटॉप मांडीवर ठेवून, डोळे मिटून विचार करत होते. एका कर्तबगार गृहस्थाने शहाळं सोलून ते त्यांच्या तोंडाला लावलंसुद्धा.

तोवर आम्हाला हसायला जमत होतं. मग एका बंदरातून मुलाचं टपालाने पत्र आलं, की जहाज आता आफ्रिकेच्या बाजूने जाणार, तिकडे चाच्यांचा धोका आहे, काळजी करू नका, पार झाल्यावर मेलने कळवतो. 'काळजी करू नका' हे शब्द वाचल्यावर ताईचं जेवण निम्मं झालं. रोज चढायचं, रोज झाकण उघडायचं, रोज काळा पडदा. मग बंद करून पुन्हा सुरू करायचं, पासवर्ड, झडती, आणि पत्रांचं पान अर्धं उमटतंय तोवर बॅटरी संपायची. पत्र आलंय की नाही हेसुद्धा न कळता दोघं खाली उतरायची. मी म्हटलं, "अण्णा, मेलचा पासवर्ड मला सांगा. मी कणकवलीला रोज बघून कळवत जाईन." साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची कवळी वापरायला मागितली. परक्या यंत्रावर तो स्वतः टाकायलाही ते तयार नव्हते.

शेवटी एका रविवारी ते माझ्याकडे आले आणि माझ्या कॉम्प्युटरवरून परदेशातल्या जाणकारांच्या एका चर्चापीठावर त्यांनी आपली अडचण मांडली. खोट्या नावाने, अर्थातच, आणि तेही बाईच्या. "बायमाणसाचो संशय कोण घेणा नाय," असं ते माझ्या बायकोसमोर म्हणाले, आणि ती संध्याकाळपर्यंत हसत होती. जर्मनीच्या कोणा भल्या गृहस्थाचं उत्तर आलं. 'प्रिय बाई,' त्याने लिहिलं होतं, 'तुमचा लॅपटॉप उठतो. फक्त त्याचा पडदा उजळत नाही. पडदा उजळवायला एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला थेट यंत्राच्या पोटात हात घालावा लागतो. तुमचा बंदोबस्त इतका कडक आहे की तो त्यालाही आत सोडत नाही. तेवढी एक बंदी उठवून लिनक्सचा गाभा पुन्हा बांधून घ्या. मात्र सुरक्षा थोडी कमी होईल.'

साडूंनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मग पुन्हा वाचलं. "म्हणजे तटाक भोक पाडूचा," ते म्हणाले. उत्तर कागदावर उतरवून घेतलं आणि एसटी धरली.

दोन-तीन दिवस ते त्या भोकाचा विचार करत होते असं ताईने मला नंतर सांगितलं. तिने वाट पाहिली आणि मग एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, त्या भोकातसून चोर येतलो तेव्हा येतलो. आधी माज्या झिलाचा पत्र येवंदे."

पुढच्या सुट्टीला मी गेलो तर साडू कामाला लागले होते. लिनक्सचा गाभा पुन्हा बांधणं म्हणजे त्या जुन्या यंत्राला दिवसभराचा घाम. ते इतकं तापलं की ताई सुपाने वारा घालत बसली. मध्ये वीज गेली तेव्हा साडूंनी देवाचं नाव घेतलेलं मी प्रथमच ऐकलं. वीज लगेच आली. दुपार कलली तेव्हा काम संपलं. साडूंनी झाकण मिटलं, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बसलो. मग त्यांनी ते उघडलं. पडदा क्षणभर काळा राहिला, आणि मग उजळला, जिथे होता तिथेच, जणू काही झालंच नव्हतं. "उठलो!" ताई ओरडली. शेजारणी पुन्हा शहाळी घेऊन येतील म्हणून तिला आम्ही गप्प केलं.

तशीच छत्री घेऊन आम्ही सडा चढलो. गवत वाळून पिवळं झालं होतं, खाली माडांमागे खाडीचं पाणी चमकत होतं. साडूंनी कातळावर बसून झाकण उघडलं, डोंगल लावलं. पान उमटलं. वरच मुलाचं नाव होतं.

'बाबा, धोक्याचा पट्टा मागे पडला. तिथे असताना कॅप्टनने मेल बंद ठेवले होते. सगळे ठीक आहोत. आईला सांगा.' साडूंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि 'ठीक'वर थांबून चष्मा पुसायला घेतला. पुढचं मी वाचलं. "परत वाचा," ताई म्हणाली. परत वाचलं. मग तिने छत्री माझ्या हातात दिली, पदराला बोटं पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "सरा. माका लिवूक व्हया." आयुष्यात प्रथमच ती एका बोटाने एकेक अक्षर शोधू लागली. बॅटरीचा दिवा लाल झाला. घाई कर, असं मी म्हणणार होतो. साडूंनी माझा हात दाबला. तिने लिहिलं, 'जेवलंस?' आणि ते गेलं. मग लॅपटॉप आपोआप बंद पडला. आम्ही तसेच बसून राहिलो, ऊन उतरेपर्यंत.

पुढे गावाजवळ टॉवर उभा राहिला आणि रेंज थेट पडवीत आली. मुलगा त्या मार्गावरून सुखरूप परतला, हल्ली त्याची पत्रं वेळच्या वेळी येतात. साडू आरामखुर्चीत बसून झाकण उघडतात, पडदा उजळतो, पत्र वाचून दाखवतात. परवा मी ताईला म्हटलं, "बरं झालं, आता तो सडा चढायचा त्रास गेला." ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता थोडी थांबली आणि म्हणाली, "गेलो खरो. पण भावजी, ह्येंच्या नोकरीत आमी कधी खंय फिराक गेलंवच नाय. त्याच दिसांत काय ती आमी दोघां रोज सांजची खंयतरी जायत होतंव."