शमशुद्दीनभाईंची स्प्रिंगांची गाडी

नाना पेठेत गल्लीच्या तोंडाशी माझं हारांचं दुकान आणि त्याला लागून शमशुद्दीनभाईंचं गॅरेज. चाळीस वर्षांचा शेजार. माझ्या शेवंतीला त्यांच्या ऑइलचा वास लागतो म्हणून आमचं पहिलं भांडण झालं. ते मिटलं कधी ते आठवत नाही, बहुतेक चालूच असेल.

गॅरेजच्या दारावर त्यांनी पाटी लावली आहे: ‘पुढचा ब्रेक आधी दाबणाऱ्यांनी हाडवैद्याचा पत्ता शेजारी फुलवाल्या बाईंना विचारावा.’ मला न विचारता लावली. लोक खरंच येतात. मी पत्ता सांगते आणि जमलं तर एक हारही विकते.

पाटी लागली ती त्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलमुळे. त्यांच्या उस्तादांनी ती लष्कराच्या लिलावातून आणली होती, जाताना यांच्या हवाली केली. हल्लीच्या गाड्यांना पुढे दोन जाड नळ्या असतात, धक्का त्यांच्या पोटात जिरतो. हिचं तसं नाही. हिच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन दांडे, मागचा पक्का आणि पुढचा हलता. खाली चाकापाशी त्यांना जोडणारी बोटभर पट्टी, तिला हे लोक रॉकर म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की रॉकर झुलतो, दांडा वर सरकतो आणि हँडलाखालच्या स्प्रिंगा दबतात. सगळा कारभार उघड्यावर.

“हिच्या पोटात काही नसतं, जे आहे ते तोंडावर,” शमशुद्दीनभाई म्हणायचे.

“म्हणून तुमचं तिच्याशी पटतं,” जुबेदाभाभी आतून उत्तर द्यायच्या.

भाभींसाठी त्यांनी मागे एक वेगळं सीट बसवलं होतं, त्यालाही खाली स्प्रिंगा. भाभी त्यावर ताठ बसून कॅम्पात जायच्या आणि पुढच्या माणसाला प्रत्येक वळणाच्या आधी वळण सांगायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. सीट मात्र दर शुक्रवारी पुसलं जातं.

यंदा उन्हाळ्यात शमशुद्दीनभाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मोटरसायकल कायमची बंद केली. गाडी सहा महिने जागच्या जागी उभी. मुलगा इरफान हिंजवडीला कंपनीत आहे. जाता-येता तीन तास बसमध्ये काढून त्याला चाक म्हटलं तरी वीट येतो. एक दिवस शमशुद्दीनभाई माझ्या दुकानापुढे येऊन म्हणाले, “मुक्ताई, उभी गाडी मरते. घरात चालवणारं कुणी नाही. कर्वेनगरचा एक जण मागतोय, अभिनव नाव. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाणार आहे.”

“तुमचं मन होतंय का?”

“मन गुडघ्यात असतं तर तेही बदलून घेतलं असतं,” म्हणाले आणि निघून गेले.

घरात चालवणारं कुणी नाही, हे ते म्हणाले तेव्हा त्यांची सून मेहजबीन त्याच गाडीपाशी उकिडवी बसली होती. गुडघा दुखायला लागला तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, दर गुरुवारी गाडीचं सगळं तीच करते. प्रत्येक सांध्यात पंपाने ग्रीस भरायचं, आतलं जुनं काळं बाहेर येऊन मागून पिवळं दिसेपर्यंत. मग पुसायचं, कारण जास्तीच्या ग्रीसला धूळ चिकटते आणि ती धूळ लोखंड खाते. रॉकरचा नट असा आवळायचा की पट्टी बोटाने हलावी पण डुगडुगू नये. चाक दोन गुडघ्यांत धरून हलवायचं आणि खट वाजतंय का ऐकायचं. गाडीला किकही तीच मारायची. पण चढायची नाही. सासऱ्यांनी नको म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती मात्र इरफानची मोटरसायकल कॉलेजपासून चालवते.

दसऱ्याला त्या गाडीला हार माझा, हा चाळीस वर्षांचा रिवाज. शेवटचा दसरा म्हणून मी हँडलापासून चाकापर्यंत लोंबेल असा झेंडूचा लठ्ठ हार केला. सुती दोरा संपला होता. नायलॉनचा घेतला. दुकानदार म्हणाला, अजिबात तुटत नाही. मला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी अभिनव आला. पोरगा गोड, हेल्मेट मात्र माझ्या टोपलीएवढं. शमशुद्दीनभाईंनी त्याला समजावलं, “आधी मागचा ब्रेक, मग पुढचा, तोही अलगद. खड्डा आला की ब्रेक सोडायचा, हँडल सैल धरायचं. स्प्रिंगांना त्यांचं काम करू द्यायचं.”

“हो अंकल, व्हिडिओ बघितलेत मी,” तो म्हणाला आणि हारासकट निघाला.

पाच मिनिटांत परत आला तो गाडी ढकलत. हाराचं वरचं अर्धं हँडलावर होतं, खालचं गायब. “अंकल, फ्रंट गेलंय. खड्ड्यात हँडल डावीकडे खेचतंय. दांडे वाकलेत बहुतेक. पण टेन्शन नाही, मी तसंही हे सगळं काढून नवीन टाकणार होतो.”

“काढून?” शमशुद्दीनभाई म्हणाले.

“हो. हे स्प्रिंगा वगैरे भिंतीवर लावेन. शोसाठी.”

शमशुद्दीनभाई स्टुलावर बसले. वाकून बघावं तर गुडघा वाकेना, आणि सहा महिने गाडी उभी ठेवलेली, त्यामुळे छातीठोक बोलताही येईना. मेहजबीनने ओढणी कमरेला खोचली. “अब्बा, गुरुवारी सरळ होती. एका रात्रीत लोखंड वाकत नाही.” किक मारली आणि कुणी काही बोलायच्या आत चढली.

गल्लीच्या टोकापर्यंत हळू गेली, स्पीडब्रेकरवरून दोनदा आली, मान एका बाजूला कलती ठेवून. येऊन गाडी उभी केली. “उजवीकडची स्प्रिंग दबतेय, डावीकडची दबत नाही. खालून कचकच येतंय.” खाली बसून तिने डावा रॉकर बोटाने हलवला. हलेना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, तुमची कात्री द्या.”

चाकाच्या आसाभोवती गुंडाळी होऊन दोरा रॉकरच्या फटीत शिरला होता. तिने कापून ओढला तो हातभर निघाला, मध्ये झेंडूचा चोथा. हिरवा नायलॉनचा दोरा. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“तुटत नाही म्हणाला होता तो,” मी म्हटलं. “खोटं नाही बोलला.”

मेहजबीनने पुन्हा ग्रीस भरलं आणि स्पीडब्रेकरवरून एक फेरी मारली. दोन्ही स्प्रिंगा एकदम दबल्या, एकदम उठल्या. शमशुद्दीनभाई बघत होते. गाडीकडे नाही, तिच्या मनगटांकडे. हँडल सैल धरलं होतं.

ते अभिनवला म्हणाले, “बेटा, माफ कर. गाडी देता येत नाही. घरात चालवणारं निघालं.”

पोरगा खरंच गोड. जरा हिरमुसला, मग विचारलं, “ग्रीसचं शिकवाल का?”

“तिला विचार. आणि गुरुवारी ये, व्हिडिओ न बघता.”

परवा शुक्रवारी मेहजबीनने गाडी दारात आणली आणि म्हणाली, “अब्बा, बसा.” मागचं ते सीट त्यांनी स्वतः बसवलेलं, पण त्यावर ते कधी बसले नव्हते. मला आणि इरफानला दोन बाजूंनी धरावं लागलं. बसल्यावर खालच्या स्प्रिंगा कुरकुरल्या तेव्हा म्हणाले, “हे इतकं मऊ आहे? जुबेदा कधी बोलली नाही.”

गल्लीच्या टोकाला गाडी पोचायच्या आधीच आम्हाला त्यांचा आवाज आला, “डावीकडे वळ, बेटी. डावीकडे.”