डाव्या हातातली बॅटन

हिलव्ह्यूहून निघून तास होत आला होता. रेल कॉरिडॉरवर पूर्वी शेजारच्या मलेशियाची गाडी धावायची, आता तिथे माणसं चालायला येतात. जुना लोखंडी पूल दिसू लागला तशी सुचित्राताईंनी हातातली मिटलेली छत्री आडवी धरली आणि बोटांमधून फिरवायला घेतली. अंगठ्यावरून पलीकडे जाताना ती पडली.

मी उचलायला वाकले.

"थांब. पडली तर उचलायची नाही. रांग पुढे जाते."

"रांगेत आपण दोघीच आहोत ताई, आणि मागून सायकल येतेय."

त्या हसून बाजूला झाल्या. छत्री मीच उचलली.

सुचित्राताईंनी सत्तरी ओलांडली आहे. जन्म इथलाच. वडील जहाज कंपनीत होते. मराठी त्या आईकडून बोलायला शिकल्या, लिहिता मात्र येत नाही. वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक वळताना आमची ओळख झाली, त्याला बारा वर्षं झाली. शाळेत असताना त्या बँडच्या पुढे बॅटन फिरवायच्या, हे मला त्यातली आठ वर्षं ठाऊक नव्हतं.

बॅटन म्हणजे पोलादी दांडी, दोन्ही टोकांना रबर, एक टोक मोठं, एक लहान. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत हात मोजून प्रत्येकीला तिच्या मापाची मिळायची. आता त्या शाळेत बॅटन कोणी फिरवत नाही. ताईंनी जुन्या मैत्रिणी शोधून सात बॅटन जमवल्या. कुणी मुलाच्या घरी, कुणी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. नुसती दांडी घेऊन त्या परत यायच्या नाहीत. ती कशी फिरवायची, कितव्या ठोक्याला वर टाकायची, हे त्या बाईकडून वदवून घ्यायच्या, हात चालत असेल तर करून घ्यायच्या. पुढच्या महिन्यात शाळा या सगळ्याचा एक कोपरा मांडणार आहे. फोटोखालचा मजकूर सोमवारी द्यायचा होता.

पूल ओलांडून आम्ही बाकावर बसलो. ताईंनी पिशवीतून फोटो काढला. एकाहत्तर सालची शाळेची मिरवणूक. सगळ्यांत पुढे उंच टोपीतली मुलगी, वर उचललेल्या हाताने अर्धा चेहरा झाकलेला. खाली ताईंचं नाव छापलेलं.

"हात बघ," त्या म्हणाल्या.

मागच्या सगळ्या मुलींचे उजवे हात वर होते. पुढचीचा डावा.

"ही मी नाही. ही गेक चू. डावखुरी होती. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव आधीच छापून झालं होतं, तेच फोटोखाली आलं."

मग त्यांनी सांगितलं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्यांची पाळी आली. आई कडक. चार दिवस मागच्या खोलीत चटईवर, वेगळं ताट. आईने शाळेत निरोप पाठवला, ताप आलाय. सकाळी गेक चू गणवेश आणि बॅटन न्यायला आली. तिची स्वतःची बॅटन वाकली होती. गणवेश आईने दिला. बॅटन मात्र ताईंच्या चटईवर होती.

"आई दारात उभी. हाताला हात लागू द्यायचा नव्हता. मी बॅटन जमिनीवरून घरंगळत दिली. एक टोक जड, ती सरळ जात नाही. कपाटाखाली गेली. गेक चूने गुडघ्यावर बसून काढली. मला म्हणाली, सॉरी लाह. मी काही बोलले नाही."

वडील तेव्हा जहाजावर होते. परत आल्यावर त्यांनी तो फोटो फ्रेम करून लावला, साताऱ्याला प्रती पाठवल्या. असल्या गोष्टी पुरुषांना सांगायच्या नसत, म्हणून आई गप्प. "बाबांनी स्वतःची मुलगी ओळखली नाही," ताई म्हणाल्या. "मला वाईट वाटलं. आणि सुटल्यासारखंही वाटलं."

गेक चू मार्चमध्ये गेली. तिच्या इमारतीखाली अंत्यदर्शनाचा मांडव घातला होता, तिथे ताई भेटायला येणाऱ्यांना देतात ते शेंगदाणे समोर घेऊन बसल्या होत्या. गेक चूची मुलगी शेजारच्या बाईला सांगत होती. मम्मी शेवटी सारखी म्हणायची, मी एकदा बँडच्या पुढे चालले होते. फोटो तर एकही नाही, स्वप्न पडलं असेल, ड्रीमिंग लाह. आणि म्हणायची, मैत्रीण इतकी रागावली की बॅटन तिने जमिनीवर फेकली.

"मी तिथेच होते," ताई म्हणाल्या. "चार फुटांवर. पॅकेटमधलं सरबत प्यायले आणि घरी आले."

मी स्वतः त्या दिवसांत देवाला हात लावत नव्हते, आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "नाव बदलून घेऊ. कारण काय लिहायचं? तब्येत बरी नव्हती, एवढं पुरे."

"नाव बदललं तर ती पुढे चालली होती हे कळेल. मी रागावले नव्हते हे कसं कळेल?"

"आईंचं नाव निघेल, ताई."

"आईला तिच्या आईने शिकवलं तसं तिने केलं. मिरवणूक आमच्या रस्त्यावरून गेली तेव्हा ती माझ्यापासून हातभर दूर जमिनीवर बसून रडत होती. तेही लिही."

"मी?"

"मी इंग्लिशमध्ये सांगायला लागले की तोंडातून फीवरच येतं. पन्नास वर्षं तेच सांगत आलेय. मराठीत मी हे आजच बोलले." त्यांनी फोटो माझ्या मांडीवर ठेवला. "तू आधी मराठीत लिही. तुझी लेक इशिता त्याचं इंग्लिश करील. बॅटन मी हातात का दिली नाही, ते सगळं लिही. ताप आला होता असं लिहू नकोस."