बाबांची विहीर आणि लोखंडाच्या कांड्या

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा, पण चहा संपेपर्यंत तरी दम धरा!

कडावच्या शाळेत मी तीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवलं. त्यामुळे मानेत ताठा कायमचा. दुसरा ताठा आमच्या विहिरीचा. बाबांनी स्वतःच्या हातांनी खणलेली, आख्खी आळी तिचंच पाणी पिते.

गेल्या महिन्यात टाय लावलेला एक तरुण दारात आला आणि थेट पायाच पडला. "सर, मी नितीन! तुमचा विद्यार्थी." आता पाणी शुद्ध करायची मशीनं विकतो म्हणे. माझी छाती फुगली ना!

त्यानं ओटीवर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत लोखंडाच्या कांड्या सोडल्या, बटण दाबलं. दोन मिनिटांत विहिरीचं पाणी तपकिरी गाळ! मशीनचं मात्र नितळच. जमलेली आळी हबकली.

"सर, आता तुम्हीच सांगा यांना, काय झालं ते."

मला कुणी विचारायचाच अवकाश! "हे विद्युत अपघटन! पाण्यात सोडियमचे, कॅल्शियमचे क्षार असतात. सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, असा त्यांचा बंध. पाण्यात तो सुटतो, आयन मोकळे होतात, वीज वाहते आणि सगळी घाण बाहेर पडते!"

शेवटचं वाक्य कुठल्याच पुस्तकात नाही. पण रंगात आलेल्या मास्तरला कोण अडवणार? "आजपासून ही विहीर बंद!"

शेजारच्या गंगूकाकी कळवळल्या. "अरं, तुज्या बापानं खणलेली इहीर हाय ती! आमी काय इतकी वर्सं घाण प्यालो?"

"काकी, विज्ञानापुढे बाप नाही!" असं म्हणालो हो मी!

तेवढ्यात आमची ही मिठाचा डबा घेऊन बाहेर आली. मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. "आता सोड रे कांड्या."

तेही तपकिरी!

"अहो, मिठात कसली घाण? ही कांडीच झिजतेय, तिचा गंज आहे हा. मशीनच्या पाण्यात क्षारच नव्हते, मग वीज वाहणार कशी? ओटीवरच्या शिकवणीत तुम्हीच सांगायचात की! मी आत भाकऱ्या थापत ऐकायची."

खरं सांगतो, इतकं चोख उत्तर तीस वर्षांत एका पेपरात वाचलं नव्हतं. अभिमानानं डोळेच भरले. विहिरीचं तांब्याभर पाणी काकींसमोर घटाघटा प्यालो आणि नितीनवर उखडलो. "गाढवा, माझा विद्यार्थी म्हणवतोस आणि एवढं ठाऊक नाही?"

नितीननं टाय सैल केला.

"सर, वर्गात तुमी म्हनालात, हे बोर्डाला येत नाय. शिकवणीत घेतलंत. आन् मी शिकवणीला नव्हतो."