अकरावी 'ब'चं पोह्यांचं आमंत्रण

इंदूरमध्ये वर्गात पोह्यांचं उदाहरण देऊ नये, हे बी.एड.ला कोणी शिकवत नाही.

मी अकरावीला इंग्रजी शिकवते. त्या आठवड्यात धडा होता 'स्पीच अ‍ॅक्ट्स', म्हणजे बोलून केलेली कामं. माणूस बोलतो तेव्हा नुसता बोलत नाही, तो काहीतरी करत असतो: विनंती करतो, हुकूम सोडतो, वचन देतो, धमकी देतो. विषय मला भारी आवडतो. (माझ्या घरी हे सगळं फक्त सासूबाई करतात, आणि तेही एकाच वाक्यात!)

शुक्रवारी आम्ही आमंत्रणापाशी आलो. मी म्हटलं, "देखो बच्चो, 'कभी घर आओ' हे काही आमंत्रण नाही, तो नुसता नमस्कार झाला. खऱ्या आमंत्रणात वेळ असते, पत्ता असतो. जसं की, रविवारी सकाळी साडेनऊला, स्नेहलतागंज, मंदिरामागची गल्ली, दुसरा मजला, पोहे खायला या! समोरचा 'हो' म्हणाला की आमंत्रण पूर्ण."

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "हाँ मॅडम!"

मला भरून आलं. एवढ्या पटकन समजलेला धडा माझ्या नोकरीत हा पहिलाच. जाता जाता गृहपाठही दिला: घरात कोण काय बोलतं ते ऐका, आणि बोलण्यामागे खरं काय दडलंय ते पकडा.

आता रविवारी आमच्या घरी काय होतं? माझ्या नणंदेला, मंजिरीला, बघायला पाहुणे येणार होते. आजवर आलेल्या प्रत्येक मुलाला मंजिरीने नाक मुरडलं होतं. पण हा समीर, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, त्याच्याशी ती फोनवर बोलली आणि चक्क हसली. सकाळपासून तिने एकाच ओढणीला पुन्हा पुन्हा इस्त्री केली होती. आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. मागचं एक स्थळ माझ्यामुळे गेलं होतं. (मुलाच्या वडिलांचं इंग्रजी मी दुरुस्त केलं होतं. एकदाच!) म्हणून सासूबाईंनी मला बजावलं, "तू आज फक्त हसायचं. बोलायचं बिलकुल नाही."

साडेनऊला पाहुणे आले. समीर, त्याची आई आणि वडील. समीर गोरामोरा होऊन सोफ्याच्या कडेवर टेकला. त्याच्या आईने पडद्यांपासून पायपुसण्यापर्यंत घर नजरेखालून घातलं. सगळं छान चाललं होतं. मी हसत होते.

तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं तर बाहेर अकरावी 'ब'! न्हाऊनमाखून, केसांना तेल-बिल लावून, जिन्यावर खालपर्यंत रांग. सगळ्यात पुढे वर्गाची मॉनिटर हर्षिता, आणि तिच्यामागे गौरव, हातात शेवेचं भलंमोठं पाकीट.

"गुड मॉर्निंग मॅडम! सेव ले आए हैं. पोहे में कम पड़ जाती ना."

मी दारातच पुटपुटले, "अरे, वो तो एग्ज़ाम्पल था!"

हर्षिताचा चेहरा उतरला. "पर मॅडम, आपने टाइम दिया, पता दिया, हमने हाँ भी बोला. आपने ही कहा था, फिर पूरा हो जाता है."

मुलगी पेपरात हेच लिहिती तर मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

सासूबाई मागून आल्या. "सुनबाई, हे काय चक्कर आहे? कोण आहेत हे?"

"माझा वर्ग."

"पूर्ण?"

"नाही, दोघं आजारी आहेत."

आतून समीरच्या आईचा आवाज आला, "येऊ द्या हो, पोरं आहेत!" आणि पोरं आली. जमिनीवर, दिवाणावर, खिडकीत, फ्रिजला टेकून, जिथे जागा दिसली तिथे बसली. आमचे हे तत्परतेने उठले. "मी नाक्यावरून पोहे घेऊन येतो," म्हणाले आणि चप्पल घालून पसार झाले. एवढ्या आनंदाने हा माणूस एरवी कधी कामाला गेलेला नाही.

पाहुण्यांची बोलणी पुन्हा सुरू झाली. समीरच्या आईने पदर सावरला. "आमच्या तशा काही अपेक्षा नाहीत हो."

हर्षिताने गौरवला कोपराने ढोसलं आणि कुजबुजली. (तिचं कुजबुजणं पार देवास शहरापर्यंत ऐकू जातं.) "ये स्टेटमेंट है ना?"

"रुक जा. अभी 'फक्त' आएगा," गौरव म्हणाला. "मेरी मौसी की शादी मराठी में हुई है. मुझे सब पता है."

"फक्त..." समीरची आई म्हणाली.

अख्खा वर्ग फिस्सकन हसला. मी डोळे वटारले. कोणाला फरक पडला नाही. त्या माउली लाल झाल्या, पण वाक्य पुरं केल्याशिवाय थांबल्या नाहीत. "फक्त मुलगी नोकरी करते, तर घरचं जमेल ना तिला? आमच्याकडे सकाळी सगळ्यांचा डबा लागतो."

"रिक्वेस्ट!" गौरव उत्साहाने म्हणाला.

"ऑर्डर," हर्षिताने दुरुस्त केलं. "रिक्वेस्ट में मना कर सकते हैं."

आणि मग समीरचे वडील, जे आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते, ते गदागदा हसायला लागले. "वा बेटा! माझा पूरा संसार झाला, पण हा फरक मला कोणी सांगितलाच नाही!"

त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे फक्त मान वळवली. "घरी चला, मग बघते."

"अंकल," गौरव काळजीने म्हणाला, "ये थ्रेट था."

आता सासूबाईंचा चेहरा बघण्याची माझ्यात हिंमत नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मंजिरी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला इतकं वाईट वाटलं! पोरीने पहिल्यांदाच कोणाला मनातून होकार दिला होता, आणि मी तिच्या बघण्याच्या कार्यक्रमात अख्खा वर्ग भरवला होता.

समीरची आई उठली. पर्स उचलली. "बरंय, निघतो आम्ही. कळवू तुम्हाला."

गौरवने हात वर केला. "मॅडम, ये प्रॉमिस है ना? कि बताएँगे?"

देवाशपथ सांगते, मला बोलायचं नव्हतं. पण विद्यार्थ्याने हात वर केला की माझं तोंड आपोआप उघडतं. मी स्पष्ट, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "नाही बेटा. 'कळवू' म्हणजे नकार."

बोलले आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"नकार नाहीये!"

हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. समीर उभा राहिला होता. त्याचे कान तांबडे झाले होते. "आई, मी तर अजून काही बोललोच नाही. आणि डब्याचं काय टेन्शन आहे? कारखान्याची कँटीन इतकी बेकार आहे की माझा डबा मीच बनवतो. सगळ्यांचा बनवीन." मग तो मंजिरीकडे वळला आणि एकदम त्याचा आवाज लहान झाला. "मला तुम्ही पसंत आहात. तुमचं काय?"

"प्रपोज़ल!" मागून कोणीतरी किंचाळलं.

"चुप!" हर्षिता म्हणाली. "जवाब आने दे, तब पूरा होगा."

चाळीसेक डोळ्यांच्या जोड्या मंजिरीवर खिळल्या. तिने ट्रे सावकाश टीपॉयवर ठेवला. "पसंत आहे," ती म्हणाली. "पण मला भाजी तिखट लागते."

टाळ्यांनी घर हादरलं. समीरची आई मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. "घरी हा 'हूँ' आणि 'हाँ'च्या पुढे जात नाही हो. मला वाटलं होतं, याच्या लग्नाचंही मलाच बोलावं लागणार." तेवढ्यात आमचे हे पोह्यांचे पुडे घेऊन आले, आणि समीरच्या वडिलांनी सगळ्यांत आधी हात पुढे केला.

मला अतोनात आनंद झाला. आपल्या वर्गाने, आपल्या धड्याने, आपल्या घरात हे घडवलं! मी घसा साफ केला, खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि हात उंचावून म्हणाले, "तर मग मी जाहीर करते, की हे लग्न ठरलं!"

कोणी टाळी वाजवली नाही. हर्षिता अवघडून उठली.

"सॉरी मॅडम, पर ये फेल हो गया. डिक्लेरेशन वही कर सकता है जिसके पास अधिकार हो."

आणि अख्ख्या अकरावी 'ब'ने, कोणीही न सांगता, सासूबाईंकडे माना वळवल्या.

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. "ठरलं," त्या म्हणाल्या. आणि ठरलं!

मी उष्टे कप गोळा करून आत घासायला गेले. त्यांनी मला तसं सांगितलं नव्हतं हं! फक्त एकदा कपांकडे पाहिलं होतं.