नकाराचे बावीस हजार

सुचेताताईचा इंग्लंडचा व्हिसा मी बुडवला. एसीत बसून, चहा पीत पीत, माउस हलवून.

भाईंदरला जेसल पार्कात ईश्वरभाईंचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथला मिक्सिंगवाला. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या फोटोतले नवरा-नवरी कापायचे आणि दुसरीकडे नेऊन चिकटवायचे. दोन हजार सहा-सात साली याची एवढी चलती होती की, बर्फाच्या डोंगरावर उभं केल्याशिवाय जोडप्याचं लग्न लागलंय असं कुणाला वाटायचंच नाही. पालीच्या शाळेत मी चित्रकलेत पहिला यायचो. ती कला इथं गुलाबाच्या फुलात नवऱ्यांची तोंडं बसवण्यात खर्ची पडली.

ताई म्हणजे स्टुडिओसमोरची ब्लाऊजवाली; तिचं लग्न डिसेंबरात झालं. नवरा निकेत बर्मिंगहॅमजवळ एका वृद्धाश्रमात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. तिकडे कायम राहायचा परवाना मिळालेला. तीन आठवड्यांच्या रजेवर आला, लग्न केलं, परत गेला. हनिमूनला वेळच मिळाला नाही बिचाऱ्यांना. मग मीच पाठवलं. अल्बमचं पान चार, स्वित्झर्लंड. पान सात, ताजमहाल. शेवटच्या पानावर लंडनचा तो घड्याळाचा मनोरा आणि त्याच्यापुढे हे दोघं, मुंडावळ्यांसकट.

व्हिसाची फाइल लावताना ताई स्टुडिओत आली. "रोशन, लग्नाचे फोटो मागितलेत रे. साधे चार-पाच काढून दे."

"साधे कशाला? अल्बमच लाव ना," मी म्हणालो. "इम्प्रेशन पडेल."

पडलं. मार्चअखेरीला नकार आला. अर्जात लिहिलंय की बाई कधी भारताबाहेर गेलेल्या नाहीत, पासपोर्टही कोरा आहे, आणि फोटोत बाई लंडनमध्ये उभ्या. सबब फोटो बनावट, आणि हे दोघं खरोखर नवरा-बायको म्हणून राहिलेत याबद्दल समाधान होत नाही. अशा अर्थाचं इंग्रजी मीच तिला वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज खाली खाली जात होता.

"बाकी काय लिहिलंय?"

"फी परत मिळणार नाही."

"अपील-बिपील?"

"करता येईल. पण वर्षभर कदाचित निकाल लागणार नाही."

ताईच्या गळ्यात मापाची टेप कायम लटकलेली असायची. राग आला की ती टेपची दोन टोकं दोन हातांत घेऊन खेचायची. त्या दिवशी टेप तुटेल असं वाटलं.

"मूळ फोटो दे. कापाकापी न केलेले."

"उडवले, ताई. हार्ड डिस्क भरते म्हणून ईश्वरभाई ठेवू देत नाहीत."

ती टेप गळ्यात टाकून गाळ्यात गेली आणि मशीन सुरू केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ही बाई संगमेश्वरकडची. दहावी झाल्यावर मामाकडे भाईंदरला आली, शिलाई शिकली, आणि आमच्या स्टुडिओच्या समोर एक मशीन मावेल आणि गिऱ्हाईक दारातच उभं राहील एवढ्या गाळ्यात ब्लाऊज शिवायला बसली. जेसल पार्कातल्या गुजराती, मारवाडी, मराठी सगळ्या बायकांची मापं तिला पाठ. हिंदीत भाव करायची, गुजरातीत हसायची, मराठीत चिडायची. लग्नानंतर सासर पेणकरपाड्याला, तरी रोज सकाळी रिक्षाने गाळ्यावर हजर. "व्हिसा येईपर्यंत मशीनला गंज चढवू काय?" म्हणायची.

नकाराची बातमी पेणकरपाड्यात तिच्याआधी पोचली. सासूबाई सुगंधाकाकू दारातच उभ्या होत्या. हे मला ताईनेच सांगितलं, नकलेसकट.

"आमच्या पोराचे बावीस हजार बुडाले गं."

"बुडाले."

"मग आता तुमच्याकडचे भरा. दोनदा दोनदा आम्हीच का?"

"कुणीच नका भरू, आई. जायचंय मला ना? मी भरते."

बोलून गेली. आणि दोनच दिवसांत एप्रिल उजाडला आणि इंग्लंडने फी वाढवली. थोडीथोडकी नाही, जवळजवळ दुप्पट. दोनशे साठ पौंडांचे पाचशे. आपल्या पैशांत चाळीस हजारांच्या वर.

मी घाबरत घाबरत गाळ्यात जाऊन सांगितलं. ताईने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"मला सांग. त्यांनी नाही म्हटलं त्याचे बावीस हजार घेतले ना?"

"अर्ज तपासायचे घेतात, ताई. हो-नाही काही असो."

"अरे, पण मी कापड बिघडवलं तर शिलाई मागते का? वर कापडाचे पैसे भरून देते मी! आणि हे नाही म्हणायचे बावीस हजार घेतात, आणि पुन्हा विचारलं की चाळीस? बायको म्हणजे काय तस्करीचा माल आहे, जकात लावायला?"

मान खाली घालून मी ऐकत होतो. पण राग मलाही येत होता. आधी स्वतःचा, मग हळूहळू सगळ्यांचाच. लग्न लावायला भटजीने पाचशे एक घेतले तेव्हा हीच माणसं महाग म्हणाली होती. आणि सरकारं नवरा-बायकोला एका घरात झोपायचे चाळीस हजार लावतात, तर सगळे म्हणतात, फॉरेन आहे बाबा, रेट असणारच.

त्या उन्हाळ्यात मला कळलं की जेसल पार्कातल्या निम्म्या पोरी परदेशी चालल्यात आणि प्रत्येक जण जाण्याआधी डझनभर ब्लाऊज शिवून नेते. तिकडे शिलाई परवडत नाही म्हणून. माप देता देता ताई प्रत्येकीला विचारायची, "तुझ्या देशाचा काय भाव?"

कॅनडाला निघालेली इशिता म्हणाली, "आमच्यात दोन फिया आहेत. एक अर्जाची आणि एक तिकडे कायम राहायच्या हक्काची."

"म्हणजे माप घ्यायचे वेगळे आणि शिवायचे वेगळे. हात वर कर."

हंसाबेनची सून ऑस्ट्रेलियाला जाणारी. तिचा आकडा इंग्लंडच्याही वर निघाला. ताईला जरा समाधान वाटलं. दुबईवाल्या अनुष्काची फी ऐकून मात्र भडकली.

"एवढीच? आमचंच नशीब फुटकं."

"फी कमी आहे गं, पण नवऱ्याचा पगार अमुक एवढा नसेल तर बायको आणताच येत नाही. आमच्यांचा गेल्या महिन्यात कुठे तेवढा झाला. तीन वर्षं थांबलेय मी."

ताईने तिच्या ब्लाऊजची शिलाई दहा रुपये कमी केली.

एक जण अमेरिकेला निघालेली आली. नवरा कॉम्प्युटरवाला. फी म्हणे चार-साडेचार हजार.

"बघ रोशन! शिक, शिक तिकडच्यांकडून."

"पण त्या व्हिसावर मला नोकरी नाही करता येणार," ती मुलगी म्हणाली. बी.कॉम. होती, बँकेत लागलेली नोकरी सोडून चालली होती. "काहीच काम नाही करता येत."

ताईने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. "म्हणजे फी बायकोच्या पगारातून कापतात. दर महिन्याला." मग त्या मुलीला म्हणाली, "पाठ खोल ठेवू का गं? तिकडे चालतं."

पैशांचं गणित तिने माझ्यासमोरच मांडलं. गाठीशी अर्धे होते. उरलेल्यांसाठी, दोरा-अस्तर-भाडं वजा जाता, चारशे ब्लाऊज शिवायला हवेत.

"मी शिवते. हूक तू लावायचे."

"मी?"

"मग काय लंडनचा घड्याळवाला लावणार?"

तर संध्याकाळी स्टुडिओ सुटला की मी समोरच्या गाळ्यात जाऊन हूक लावायला बसायचो. गिऱ्हाईक बायका दारातून बघायच्या, हसायच्या. "भाईसाहब, जरा टाइट लगाना!" ईश्वरभाई काचेतून ओरडायचे, "अल्या रोशन, फोटोमां तो माथुं सीधुं नथी लगाडतो, हूक सीधा लगाडे छे?" सुईने बोटांची चाळण झाली. कुरकुर केली की ताई फक्त टेपला हात घालायची.

पण पैसे जमले तरी फोटोंचं काय? दोघं एकत्र राहिल्याचा पुरावा तर मी पुसून टाकला होता. निकेतला पुन्हा रजा नव्हती. रविवारी फोनवर तो नुसतं "बघू, बघू" करायचा आणि ताई त्याच्यावर ओरडायची, "तुला घरी यायला कुणी फी मागत नाही, आणि तू बघू म्हणतोस?"

अचानक तिला आठवलं. लग्नानंतर पाचव्या दिवशी पाचपरतावणाला दोघं तिच्या माहेरी गेले होते. तिथं शेवंतीमावशीकडे रोलचा कॅमेरा होता. सगळ्यांच्या मधे मधे येऊन फोटो काढत होती. ताईने गावी फोन लावला.

"मावशी, ते फोटो धुतलेस का गं?"

"न्हाय गं. रोल खंय संपलाय? शिमग्याला पालखी काढली त्यात, तरी दोन उरलेत. दोन फोटो फुकट घालवू काय?"

एका रोलमध्ये छत्तीस फोटो. छत्तिसावा काढल्याशिवाय रोल धुवायला देणं हे आमच्या कोकणात पाप. त्या दोन फोटोंच्या चिकटपणामुळे तो रोल अजून कॅमेऱ्यात होता. ताईने फोनवर सांगितलं, "आत्ता उठ. म्हशीचे काढ, आणि रोल एस.टी.ने पाठव."

रोल आला. मीच धुवायला दिला. मावशीने मधेच एकदा कॅमेरा उघडून बघितला होता, "आत हाय का बघू म्हणून." पहिले नऊ फोटो पांढरे फटक. दहाव्यापासून माणसं दिसू लागली.

इतके वाईट फोटो मी आयुष्यात पाहिले नव्हते. निकेतचं अर्धं डोकं कापलेलं, तोंडात घावन. ताई पाटावर बसून त्याच्या ताटातला मासा काढून घेतेय. विहिरीवर तो बादली ओढतोय आणि ती कमरेवर हात ठेवून त्याला झापतेय, बहुतेक. एका फोटोत दोघं पडवीत घोंगडीवर झोपलेत, निकेतचं तोंड उघडं, आणि तिचा हात त्याच्या शर्टाला धरलेला. शेवटी पालखी, मग म्हैस, मग पुन्हा म्हैस.

ताई त्या झोपलेल्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. "मेली मावशी," म्हणाली. "विचारून तरी काढायचा."

"याचा थोडा ब्राइटनेस..." माझ्या तोंडून निघालं.

"हात लावलास तर बोटं शिवून टाकीन."

जूनमध्ये तिने स्वतःच्या पैशांनी अर्ज भरला. फोटो तसेच लावले, फक्त म्हशी काढून. जुलैच्या शेवटाला पासपोर्ट आला, आत व्हिसा चिकटवलेला. सुगंधाकाकूंनी पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, आमच्या निकेतने बोलावून घेतलं. ताईने पेढा खाल्ला. "बोलावून घेतलं," माझ्याकडे बघून म्हणाली. "चारशे ब्लाऊज कुणाच्या बापाने शिवले?" काकू आत पाणी आणायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

निघायच्या दिवशी तिच्या अंगावर स्वतः शिवलेला मोरपंखी ब्लाऊज होता. सगळ्यांचे शिवता शिवता तिचा शेवटपर्यंत राहिला होता. आदल्या संध्याकाळी हूक लावायला म्हणून मला दिला. त्याच दिवशी ईश्वरभाईंनी एक लग्न माझ्या डोक्यावर मारलं. वरचे चार हूक लावून झाले, दोन राहिले. टॅक्सीत बसताना तिने तिथं सेफ्टी पिना लावल्या आणि काच खाली करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "चारशे ब्लाऊजचे लावले आणि माझे दोन नाही लागले, नालायका!"

दोन-अडीच महिन्यांनी स्टुडिओच्या फोनवर तिचा फोन आला. पहिलं वाक्य राग.

"अरे, हा व्हिसा दोनच वर्षांचा आहे! मग कायम राहायची परत वेगळी फी. याहून जास्त!"

"मग परत ब्लाऊज?"

"इथं कोण ब्लाऊज घालतं? पॅन्टा आखूड करून देते. एका पॅन्टचे किती घेतात माहितीय इथं? पाच पौंड! लुटतात नुसते."  मागे निकेत काहीतरी विचारत होता, तिने त्याला गप्प केलं. "आणि ते दोन हूक?"

"ये, लावून देतो."

"मी येणार नाही. तिकीट कोण देणार, तू? पोस्टाने पाठवते. लावून परत पाठव. पोस्टाचा खर्च तुझा."

मोरपंखी ब्लाऊज दिवाळीआधी आला. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, दोन पिनांसकट. हूकही आणून ठेवलेत. पार्सलचा दर विचारायला पोस्टात गेलो होतो, आणि ऐकून तसाच परत आलो.